काशा, तुझी सुरुवात संपलीच नाही

काशा, तुझ्या दहाव्याला कुंडलिकेच्या घाटावर तुझा मेव्हणा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय दत्तूशेठ, झाले का टीव्ही इकून?"

मला आधी काही कळलंच नाही. वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. मग त्यानेच सगळं सांगितलं. पेणच्या डॉक्टरने तुला मुंबईला जाऊन हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. सोबत चार माणसांत बोलू शकेल असा कुणीतरी ने, असंही सांगितलं होतं. तू घरी येऊन सुमनवहिनींना म्हणालास, दत्तूला सांगितलंय, त्याचा क्रिकेटच्या सामन्यांचा, टीव्ही विकायचा हंगाम संपला की येतो म्हणालाय. म्हणून तू थांबलास. वीस दिवस. एकविसाव्या दिवशी पहिल्या शिफ्टला निघताना बुटाची नाडी बांधायला खाली वाकलास आणि तिथेच राहिलास.

घाटावर तीसेक माणसं असतील. तुझ्या कंपनीतले, पुलापलीकडच्या अष्टमी गावातले, तुझ्या खाडीकडचे चुलते. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग पाण्याकडे बघत राहिले.

तू मला सांगितलं नव्हतंस, काशा. मुंबई नाही, डॉक्टर नाही, हृदय नाही. यातला एक शब्द तुझ्या तोंडातून आला नव्हता. लोक मला तापट म्हणतात, ते मला कबूल आहे. घासाघीस करणारा म्हणतात, त्यावर तर माझं घर उभं आहे. सायकलला पिशवी अडकवून गावोगावचे मोडके रेडिओ गोळा करत होतो तेव्हापासून मला कुणी काही फुकट दिलेलं नाही आणि मी कुणाकडे मागितलेलं नाही. पण मित्राला छातीत दुखतंय हे माहीत असून टीव्ही विकत बसणारा माणूस मी नाही. आता हे कुणाला पटवू? साक्षीला होतास तू एकटा, आणि तू असा निघून गेलास.

तुझी खोड मला पहिल्यापासून माहीत होती. तुला कुठलीही गोष्ट तिच्या मध्यापासून सांगता यायची नाही. सायकल पंक्चर झाली हे सांगायला तू ती सायकल कुणाकडून घेतली, त्याच्या पोरीचं लग्न कुठे झालं, वरातीत कोण रुसलं, इथून निघायचास. पंक्चरपर्यंत येईतो माझी दोन गिऱ्हाइकं येऊन जायची. अशा माणसाच्या हाती नेमका तो खेळ पडावा, हे माझंच नशीब.

ती व्हिडिओ गेमची राखाडी जपानी पेटी मी मुंबईहून जुन्या टीव्हींच्या लॉटमध्ये आणली होती. विकणाऱ्याला ती काय आहे हे धड माहीत नव्हतं, आणि मला माहीत आहे हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. सोबत सात-आठ सीडी होत्या. मोटारींची शर्यत, मारामारी, विमानं. आणि एक तीन सीडींचा खेळ, डब्यावर तळ्याकाठी पाठमोरा उभा असलेला मुलगा. मी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात पडदा लावला, एकवीस इंची सेट ठेवला आणि अर्ध्या तासाच्या बोलीवर खेळायला देऊ लागलो. शर्यत आणि मारामारी जोरात चालली. तीन सीडींचा खेळ एकदाच एका कॉलेजच्या पोराने लावला. अर्ध्या तासाने पडदा बाजूला करून तो माझ्या अंगावरच आला.

"शेठ, अर्धा तास झाला, हा अजून घरातच हाय! आई बोलते न्याहारी कर, मग बहीण बोलते चप्पल शोध. खेळ कुठाय यात? मला अर्धा तास फुकट द्या."

मी दिला नाही. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं हे मला तेव्हाच कळलं होतं.

मग तू आलास. पहिली शिफ्ट सुटली की साडेतीनला तू दुकानात यायचास, अंगाला फर्नेस ऑईलचा वास, हातात रिकामा डबा. त्या वेळी गिऱ्हाईक कमी असायचं. बाकी सगळ्या सीडी सोडून तू नेमका तोच डबा उचललास. मी म्हटलं, तो नको, त्यात काही होतच नाही. तू म्हणालास, "बघू तरी, काय होत नाय ते."

खेळ इंग्रजीत होता. माझं शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी अक्षरं मी पावतीवरचे मॉडेल नंबर वाचण्यापुरती ओळखतो. तू बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेसाठी इंग्रजी पुस्तकं घोकली होतीस. तेव्हा वाचायचं काम तुझं. आणि तू नुसतं वाचलं नाहीस. तू त्या सगळ्या गावाला आपल्याकडचं बोलायला लावलंस. त्या जपानी मुलाची आई तुझ्या तोंडून ओरडायची, "ऊठ रं बाला, सूर्य बांधावर आला, तुझा बापूस कवाचा गेला!" लोहार म्हणायचा, "हात नको लावू, तापलेलं हाय." विहिरीवरची म्हातारी शेजारणीला म्हणायची, "बघतंस काय गो, सूनबाई आज पन आली नाय." मी हसायचो. गिऱ्हाईक समोर असताना मी कधी हसत नाही, कारण हसणाऱ्या दुकानदाराकडे लोक भाव पाडून मागतात. त्या पडद्यामागे मी किती हसलोय हे रोह्यात कुणाला सांगून पटणार नाही.

पण काशा, तो वेग! पडद्यावर अक्षरं एकेक करून उमटायची, नळाला शेवटचं पाणी येतं तशी. घाई करायची सोय नव्हती. आणि तू प्रत्येक माणसाशी दोनदा बोलायचास, कारण दुसऱ्यांदा बोललं की तो काहीतरी वेगळं म्हणतो हा शोध तुला लागला होता. गावात बावीस माणसं, तीन कुत्री. तू कुत्र्यांशीही दोनदा बोललास.

जिथे जिथे होय की नाही असा प्रश्न यायचा तिथे बटण माझ्याकडे, असं आपलं ठरलं होतं. एक म्हातारा विचारायचा, माझी जुनी गोष्ट ऐकशील का? मी नाही दाबलं. तो म्हणाला, असं कसं, ऐकलीच पाहिजेस. आणि पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नाही दाबलं. दहा वेळा दाबलं असेल. म्हातारा हटेना. तू पोट धरून हसत होतास. "अरे हा तुझ्यापेक्षा चिवट निघाला, दत्तू! याच्याशी घासाघीस नाय चालत." शेवटी मी होय दाबलं आणि त्याने वीस मिनिटं घेतली.

आणि ते मेमरी कार्डाचं प्रकरण. आठवलं की मला अजून संताप येतो. गावच्या देवळात एक पुजारी होता. त्याच्याशी बोललं की तो म्हणायचा, तुझी आजवरची वाटचाल मी लिहून ठेवतो, पण तुझ्याकडे मेमरी कार्ड नाही. आपण दोघांनी ठरवलं की हे कार्ड गावातच कुणाकडे तरी असणार आणि ते मिळवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मग आपण ते मागत फिरलो. लोहाराला विचारलं, न्हाव्याला विचारलं, मावशीकडे तेल पोचवलं, तिची हरवलेली कोंबडी आणून दिली. कार्ड कुणीच देईना. खेळ जपून ठेवता येत नव्हता म्हणून मी शर्यतवाल्या पोरांना परत पाठवून पेटी चालूच ठेवायचो, वर ओलं फडकं टाकून. दर मंगळवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाईट गेली की सगळं पुसलं जायचं, आणि साडेतीनला तू येऊन पुन्हा म्हणायचास, "ऊठ रं बाला."

पाच मंगळवार, काशा. पाच वेळा त्या पोराने न्याहारी केली, पाच वेळा चप्पल शोधली. मी ओरडलो, पेटी विकून टाकतो म्हणालो. तुझं आपलं एकच, "पाचव्यांदा बघ, लोहाराच्या मागं एक पाळणा हाय. आपल्याला दिसलाच नव्हता."

मग मुंबईत माल घ्यायला गेलो होतो तेव्हा एका टपरीवर प्लॅस्टिकच्या पुडीत तळहाताएवढं काहीतरी टांगलेलं दिसलं. विचारलं, हे काय? मेमरी कार्ड, तो म्हणाला, पेटीच्या पुढच्या खाचेत घालतात. मी तिथेच उभा राहून एवढा हसलो की भाव करायचं विसरलो. आयुष्यात एकच वस्तू मी विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीला घेतली ती ही. तुला आणून दिली तर तू काय म्हणालास? "बरं झालं. आता निवांत पहिल्यापासून खेळू." मी पुडी तुझ्या अंगावर फेकली होती.

आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं आणि ते मिटलेलं नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आधी टीव्ही लावून दाखवतो. चित्र बघून माणूस आत येतो. काचेसाठी वाळू कुठून आणली हे सांगत बसलो तर तो समोरच्या दुकानात जाईल. मग हे लोक असं का करतात? पहिली धड लढाई चौथ्या तासाला! मी म्हणायचो, यांनी पैसे आधीच घेतलेत. पैसे घेऊन बसलेला दुकानदारच असा सुस्त होतो.

"नाय," तू म्हणालास. "ज्याला आपल्या मालाची खात्री हाय तो निवांत असतो. तुझंच बघ. सेट चांगला असला की तू भाव सांगून गप बसतोस. खराब असला की बडबडतोस."

त्या दिवशी मी तुला चहा पाजला नाही.

दुसऱ्या दिवशी तू बॉयलर काढलास. तो येणारच होता. "थंड बॉयलर हाय समज. पाळीवर आलास नि एकदम जाळ दिलास तर काय व्हईल? आतली वीट तडकंल, नळ्यांचे सांधे सुटतील. पहिल्यानं नुसती ऊब द्यायची. साहेब फोनवर बोंबलतो, स्टीम कुठाय, स्टीम कुठाय. बोंबलू दे. मी माझ्या वेळानं देनार."

"मी काय बॉयलर आहे?"

"तू कायमचाच तापलेला हायस. तुला ऊब काय कळनार?"

एका जागी मात्र मी तुला हरवलं होतं. गावाच्या फाटकावरचा पहारेकरी दार कसं उघडायचं ते दहा मिनिटं शिकवतो. दाराजवळ जा, बटण दाब, दार उघडेल, आता तू करून दाखव, शाबास, पुन्हा एकदा. मी म्हटलं, ही कसली ऊब? तू मान खाली घातलीस. "हे आमच्या सेफ्टी ट्रेनिंगसारखं हाय," म्हणालास, "याला काय उत्तर नाय." म्हणजे संथपणातही खरा-खोटा असतो हे तू मान्य केलं होतंस. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण नंतर तू ते नाकारायचास. पुढे दुसऱ्या सीडीत तर कहर होता. नावेवाल्या बाईकडून नाव मिळाली, नकाशा मोठा झाला, आणि दर दहा पावलांवर तेच तीन खेकडे लढायला यायचे. ताकद वाढवायला तेच तेच खेकडे मारायचे, चार-चार दिवस. तिथे तूही डुलक्या काढायचास. मी बटण दाबत राहायचो आणि तू झोपेत म्हणायचास, "चालू दे, जाऊ नको फुडं."

पहिल्याच सीडीत, सहाव्या तासाला त्या गावच्या तळ्याचा बांध फुटला होता, ते मी इतक्या दिवसांत तुझ्याशी कधी बोललो नाही.

पडद्यावर काही भारी दाखवलं नव्हतं. पाणी आलं, एकेक घराचं छप्पर दिसेनासं झालं. संगीतही थांबलं. तू हातातलं खाली ठेवलंस आणि बोलायला लागलास, नेहमीप्रमाणे लांबून. तुझा बाप मिठागरात काय करायचा, पायाने चिखल कसा तुडवायचे, तिथून. तू सात वर्षांचा असताना उधाणाला तुमच्या गावच्या बांधाला भगदाड पडलं आणि खाडी शेतात शिरली. माणूस कुणी गेलं नाही. पण जमीन खारी झाली, दोन-तीन वर्षं भात झालं नाही, एकेक घर उठून गेलं. "पेपरात आलं व्हतं," तू म्हणालास. "एक वळ. अमक्या गावची जमीन पान्याखाली. त्या वळीत आमची गंगूआत्या नव्हती. तिचा पेरू नव्हता. मी सगळ्यांशी दोनदोनदा बोलतो ते उगाच नाय."

आणि मी काय म्हणालो? "बरं झालं बुडालं. सुटलो एकदाचे."

मी ते तोंडातून गेलं म्हणून बोललो. माझ्या धंद्यात आवडलेल्या वस्तूला कधी चांगलं म्हणायचं नसतं, आणि ती सवय दुकान बंद केलं तरी सुटत नाही. दुसऱ्या दिवशी तू यायच्या आधी मी कार्डावरचा जुना खेळ लावला, पाणी यायच्या आधीचा. विहिरीवर ती म्हातारी होती. मी बटण दाबलं, अक्षरं एकेक करून आली. मला वाचता येईनात. तरी मी तिच्यापुढे उभा राहिलो, दुसऱ्यांदा बटण दाबलं, ती दुसरं काहीतरी म्हणाली. साडेतीन वाजत आले तेव्हा घाईघाईने बंद केलं. हे तुला सांगायला हवं होतं. तू मग महिनाभर ते तोंडावर मारलं असतंस, म्हणून नाही सांगितलं.

आता ती दुपार. घाटावर मला जी सांगू दिली नाही ती.

डोळवीच्या मोठ्या कारखान्यावर कामाला असलेल्या एका ठेकेदाराचा माणूस आला होता. मजुरांच्या बराकींसाठी सहा टीव्ही हवे होते. मोठं गिऱ्हाईक. क्रिकेटचे सामने आठवड्यावर आलेले. पाच टीव्हींचा भाव ठरला होता, सहाव्यावर अडलं होतं, त्याला सहावा अँटेना-केबलसकट हवा होता. तेवढ्यात तू आलास. रोजच्या वेळेआधी, डब्याशिवाय, इस्त्रीच्या शर्टात. यातलं काही मी तेव्हा बघितलं नाही. आता दिसतं. मी म्हटलं, बस, पडद्यामागे जा. तू गेला नाहीस. काउंटरपाशी स्टुलावर बसलास.

"दत्तू, आपली ती नावेवाली बाई हाय ना," तू म्हणालास, "ती बोलते बघ, एकट्याला पैलतीराला नेत नाय म्हनून."

"हं."

"परवा सुट्टी टाकलेली. सकाळच्या गाडीनं गेलो. गाडीत आमच्या शाळेतला तो जुना ड्रिल मास्तर भेटला. वळखलान मला. दात सगळे गेलेत. बोलला, काशा, तू धावायला लई चांगला व्हतास."

डोळवीवाला म्हणत होता, केबल धरून बोला. मी म्हटलं, केबल वेगळी. चहा आला. तू कप हातात घेऊन बसलास, प्यायला नाहीस.

"मग येताना ती दुपारची पॅसेंजर. गर्दी नव्हती. खिडकी मिळाली. कासू आलं नि मी उतरलो."

"कासूला कशाला उतरलास? काय आहे कासूला?" मी ओरडलोच. "च्यायला, मुद्द्यावर ये ना बाबा एकदा तरी!"

डोळवीवाला उठायला लागला होता. मी त्याच्याकडे वळलो, त्याला हाताला धरून बसवलं, अर्धी केबल दिली, सहाव्याचं जमवलं. परत वळलो तर तू कप खाली ठेवला होतास.

"हं, बोल. काय म्हणत होतास?"

"काय नाय. सहज आलतो," तू म्हणालास. "जातो." आणि पुलाच्या दिशेने गेलास.

एवढंच झालं. यात मी तुला काय नकार दिला? एक वाक्य लागलं असतं, काशा. माझ्या छातीत दुखतंय, मुंबईला चल. सहाही टीव्ही तसेच टाकून, दुकानाला कुलूप लावून मी निघालो असतो. मोठ्या इस्पितळात डॉक्टरसमोर तुझी वाचा बसते हे मला माहीत आहे, तुझ्या वाटचं मी बोललो असतो. कारकुनाशी, शिपायाशी, लिफ्टवाल्याशी भांडलो असतो. एवढं एकच तर मला चांगलं येतं, आणि तेच तू मला करू दिलं नाहीस. वर घरी जाऊन माझ्या नावावर हंगामाची थाप मारलीस. का? वहिनींनी रोज विचारू नये म्हणून? की मला दुसऱ्यांदा सांगायला यायचं तुझ्या जिवावर आलं? माझ्या ओरडण्याची तुला वीस वर्षांची सवय होती. त्याच दिवशी ते मनाला लावून घ्यायचं काय कारण होतं?

हे सगळं मनात घोळवत मी परवा अष्टमीत तुझ्या घरी गेलो. नाव साफ करून घ्यायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. मेव्हणा कामावर असेल अशी वेळ बघून गेलो. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. मी चप्पल काढायच्या आधीच म्हटलं, "वहिनी, काशाने मला काही सांगितलं नव्हतं. मुंबईचा एक शब्द नाही. मी हंगामाचं काही म्हणालो नव्हतो."

त्यांनी मान वर केली नाही. "बसा, भावजी," म्हणाल्या.

मी बसलो. मला वाटलं, आता विचारतील किंवा रडतील. त्या बोलू लागल्या, आणि तुझं घर ते तुझंच घर. "त्या दिशी सकाळी ह्यांनी भाकरी अर्धी ठेवली. मी बोलली, खारं झालं का? बोलले, नाय गो, चव हाय. मग इस्त्रीचा शर्ट काढलान. मी बोलली, लगीन हाय का कुणाचं?" असं. शर्टाचं बटण तुटलं होतं, ते लावलं, दोरा काळा होता. मी गुडघे घट्ट धरून बसलो होतो. जिभेवर तीनदा आलं, वहिनी, पुढे. नाही बोललो. का ते माहीत नाही. बहुतेक तिथे अडवायला जीव झाला नाही. सकाळची गाडी झाली, मास्तर भेटला ते झालं, पेणच्या डॉक्टरकडची रांग झाली, डॉक्टरने छातीला मशीन लावून कागदाची पट्टी काढली ते झालं.

"मग दुपारच्या पॅसेंजरला बसले. खिडकी मिळाली. कासू येता येता छातीत अशी कळ आली की बसवेना. म्हनून उतरले. बाकावर आडवे झाले. गाडी निघून गेली. एक टोपलीवाली बाई व्हती, तिनं पानी पाजलान. सांजच्या गाडीपत्तुर तिथंच. घरी येऊन मला सगळं सांगितलान नि शेवटी बोलले, सुमन, लई भ्यालो गो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कासूला उतरल्याचं मला सांगितलं होतं."

आता त्यांनी मान वर केली. "तुमाला सांगितलं?"

"हो. म्हणजे तेवढंच. कासूला उतरलो म्हणाला."

"मग?"

"मग मी विचारलं, कासूला कशाला उतरलास."

"मग काय बोलले?"

काशा, मी तीस वर्षं लोकांना उत्तरं देतोय. गिऱ्हाईक काहीही बोलो, माझ्याकडे उलट उत्तर तयार असतं. सुपात तांदूळ होते, त्यांची बोटं थांबली होती, आणि त्या खरंच वाट बघत होत्या, तू काय म्हणालास ते ऐकायची. मी सांगितलं. डोळवीचा माणूस, सहावा टीव्ही, केबल, मी त्याच्याकडे कसा वळलो, सगळं. प्रश्न विचारला आणि उत्तराला थांबलो नाही, हेही माझ्याच तोंडाने सांगितलं.

त्यांनी मुठीतले तांदूळ सुपात सोडले. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "म्हंजे सांगाया गेले व्हते. माझ्याशी खोटं नाय बोलले." आणि पदराने डोळे पुसले. त्यांच्या मनात इतके दिवस ते होतं, काशा. माझं नाव त्यांच्या मनातही नव्हतं.

हंगामाची थाप तू मारलीस ती मारलीसच, तिच्यावरून मी तुझ्याशी भांडत राहणार आहे. तू दुसऱ्या दिवशी परत यायला हवं होतंस, शर्टाची कॉलर धरून मला सांगायला हवं होतंस, हेही मी सोडणार नाही. पण तू मला सांगितलं नव्हतंस, असं मी आता अष्टमीत कुणापाशी म्हणणार नाही. कासूपर्यंत तू आला होतास. पुढचं एकच वाक्य होतं आणि तू ते सांगणार होतास.